बायबल सॉफ्टवेअरसाठी लॅपटॉप घेताय? आधी डिस्क विचारा

१७ एप्रिल २०२५ची रात्र. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, आणि येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांपैकी चौथ्यावर बोलणं माझ्या वाट्याला आलं होतं. ‘एली, एली, लमा सबख्थनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ मला पडद्यावर शेजारी-शेजारी तीनच उतारे हवे होते: मत्तय २७:४६, मार्क १५:३४ आणि स्तोत्र २२. मत्तयात ‘एली’ आहे, मार्कात ‘एलोई’. आणि स्तोत्राच्या हिब्रूत ‘सबख्थनी’ नाहीच, तिथे ‘अझाव्तानी’ आहे; सबख्थनी हा अरामी शब्द. एवढी गंमत नीट डोळ्यांनी पाहायची होती, तर लॅपटॉप पंखा घरघरवत बसला. एका क्लिकला मी चहा टाकून यायचे, तरी रकाना रिकामाच. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कसमोर १०० टक्के. साडेअकराला नाद सोडला आणि कागदी बायबल घेऊन बसले.

चूक माझीच होती. त्याच दुपारी मी तीन नवे भाष्यग्रंथ उतरवले होते. लोगोससारखा बायबल-अभ्यासाचा मोठा प्रोग्रॅम नवी पुस्तकं आली की त्यांची सूची तयार करतो. कोणता शब्द कोणत्या पुस्तकात, कुठे, हे सगळं आधीच नोंदवून ठेवतो, म्हणून पुढे शोध क्षणात लागतो. पण ती सूची बनवताना डिस्कवर सतत लिहिणं-वाचणं चालतं. माझ्या लॅपटॉपमध्ये होती जुनी फिरती हार्ड डिस्क. २०१८ साली दुकानात ‘१ टीबी’ ऐकून मी भाळले होते.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) आहे का, आणि ती एनव्हीएमई (एसएसडीतला जास्त वेगवान प्रकार) आहे का? मला ५१२ जीबी भरपूर झाली. माझी दीड हजारांच्या आसपास पुस्तकं आणि त्यांची सूची मिळून चाळीस जीबीच्या आत बसतात. स्वस्त लॅपटॉपात ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू आणि स्वस्त साठवण, असते, त्याला दुकानदार कधी कधी मोघमपणे ‘एसएसडीच हो’ म्हणतो. ती नको. विंडोज ११लाच किमान ६४ जीबी लागतात, पुस्तकं ठेवणार कुठे?

पण दुकानात जाण्याआधी प्रोग्रॅम ठरवा. ई-स्वोर्ड आणि द वर्ड हे विंडोजवरचे फुकट प्रोग्रॅम इतके हलके आहेत की साध्यातल्या साध्या लॅपटॉपवरही पळतात. तेवढ्यावर भागत असेल तर उगाच पैसे घालू नका. अ‍ॅकॉर्डन्स मुळात मॅकवर वाढलं, आता विंडोजवरही चालतं. लोगोस विंडोज आणि मॅकवर बसतं. क्रोमबुकवर मात्र त्याचा पूर्ण डेस्कटॉप प्रोग्रॅम बसत नाही, ब्राउझरमधल्या आवृत्तीवर भागवावं लागतं. आणि केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन केंद्राचं स्टेप बायबल फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतं. ते लक्षात ठेवा, दुकानात कामाला येईल.

रॅम १६ जीबी घ्या. एकटा प्रोग्रॅम ८ जीबीत चालतो, पण आपण एकटा प्रोग्रॅम चालवतो का? माझ्याकडे हिब्रू, ग्रीक, शब्दकोश आणि भाष्य उघडं असतं, ब्राउझरमध्ये मराठी पवित्र शास्त्र, बाजूला वर्डमध्ये टिपण, आणि शुक्रवारी संध्याकाळी वर झूम. ८ जीबीच परवडत असेल तर विचारून घ्या की रॅमची जागा मोकळी आहे की चिप बोर्डलाच डकवलेली आहे. डकवलेली असेल तर नंतर वाढत नाही. मॅकबुकमध्ये ती वाढतच नाही, तेव्हा तिथे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं.

आता पडदा. यावर कुणी बोलत नाही, आणि मला सगळ्यात जास्त सुख यानेच दिलं. १३६६ बाय ७६८चा पडदा घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. १९२० बाय १०८० किमान, आणि उंचीला जरा जास्त म्हणजे १९२० बाय १२०० मिळाला तर उत्तमच. उतारा वाचताना दोन-चार ओळी जास्त दिसतात. तपासायची माझी रीत अशी. दुकानातल्या वायफायवर स्टेप बायबल उघडलं आणि स्तोत्र ११९ हिब्रूत लावलं. २२ अक्षरं, प्रत्येकाला ८ ओव्या, म्हणजे सगळी वर्णमाला एका स्तोत्रात. अक्षरांखालचे स्वरांचे ठिपके चष्म्यातून वेगवेगळे ओळखू येतात का? बेथ आणि काफ एकसारखे तर दिसत नाहीत ना? मग मराठीत रोमकरांस पत्र उघडून जोडाक्षरं पाहिली. पहिल्या दोन लॅपटॉपांवर ठिपके म्हणजे नुसती धूळ वाटत होती. तिसरा घेतला.

दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, हा गेमिंगवाला घ्या, ग्राफिक्स कार्ड आहे, दहा वर्षं बघायला नको.” कीबोर्डच्या कळा जांभळ्या-हिरव्या चमकत होत्या. मी म्हटलं, बाळा, मी यशया वाचते, गाड्या पळवत नाही. अक्षरांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही, वजन आणि किंमत तेवढी वाढते. प्रोसेसर मधल्या दर्जाचा पुरतो, आय-५ किंवा रायझन ५, फक्त पिढी अलीकडची असू द्या. जुना वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची पाहा, नाहीतर विंडोज ११ रीतसर बसत नाही. विंडोज १०चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

घरी आणल्यावर एक गोष्ट अडवेल. काही नव्या लॅपटॉपांत विंडोज ‘एस मोड’मध्ये येतं आणि स्टोअरबाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम बसू देत नाही. सेटिंग्जमधून त्यातून बाहेर पडता येतं, पैसे लागत नाहीत, फक्त परत आत जाता येत नाही. मराठी टायपिंगला विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. हिब्रूचा कीबोर्ड शिकत बसू नका. शब्दावर क्लिक करा नाहीतर स्ट्राँगचा क्रमांक टाका (स्ट्राँगच्या सूचीत मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला क्रमांक दिलेला असतो), जसं ‘हेसेद’ म्हणजे दया-प्रेम या हिब्रू शब्दासाठी एच आणि पुढे २६१७. आणि स्तोत्र २२ हिब्रूत शोधताना गोंधळू नका: तिथे शीर्षकच पहिली ओवी धरलेली असते, म्हणून आपली पहिली ती त्यांची दुसरी. चांगला प्रोग्रॅम रकाने जोडताना हे स्वतः सांभाळतो.

पुस्तकं उतरवून सूची करायला पहिल्यांदा लॅपटॉप चार्जरला लावून रात्रभर सोडा. शनिवारी रात्री नको. सोमवारी करा.

माझ्याकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतरही आहे, त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं. ते कागदावरच आहे, लॅपटॉपच्या डाव्या हाताला उघडं असतं. तेव्हा टेबलाची रुंदीही मोजून घ्या.

जुना लॅपटॉप भंगारात दिला नाही. भाच्याने त्यात छोटी एसएसडी बसवली आणि तोच सुस्त डबा टुणकन उठला. आता संडे स्कूलच्या खोलीत त्यावर ई-स्वोर्ड चालतं. विंडोज १०च आहे, म्हणून नेटला जोडायचा नाही, अशी चिठ्ठी झाकणावर चिकटवली आहे.