रोज व्यायाम, तरी प्रगती नाही? विश्रांतीच्या बाबतीत या चुका टाळा

व्यायामाची सवय लागलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती खाडा पडण्याची. एक दिवस चुकला की दुसरा चुकतो आणि मग महिना कुठे गेला ते कळत नाही, हे त्याने आधी भोगलेलं असतं. म्हणून तो कॅलेंडरवर फुल्या मारत सुटतो. मीही मारत होतो. सलग ५८ दिवस धावलो. एकोणसाठाव्या दिवशी जिना उतरताना उजव्या नडगीत अशी कळ आली की कठडा धरून खालीच बसलो. हाडाला चीर पडण्याच्या अलीकडची अवस्था, असं निदान झालं आणि सात आठवडे धावणं बंद. एका दिवसाचा खाडा वाचवायला गेलो आणि एकोणपन्नास दिवसांचा पडला.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकतो. रोज अर्धा-पाऊण तास चालणं एवढाच ज्यांचा व्यायाम आहे, त्यांनी विश्रांतीच्या दिवसाची चिंता करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तिथवर अजून पोचायचं असेल तर हा लेख आळसाला निमित्त म्हणून वापरू नका. हा लेख आठवड्यातून पाच-सहा-सात दिवस घाम गाळूनही ज्यांची गाडी पुढे सरकत नाही, त्यांच्यासाठी आहे.

विश्रांतीला खाडा समजणं

मूळ घोटाळा इथेच आहे. खाडा आपोआप पडतो, विश्रांती ठरवून घ्यावी लागते. आपण दोन्हीला एकाच मापाने मोजतो आणि दोन्हीची सारखीच लाज बाळगतो.

व्यायाम चालू असताना शरीर बळकट होत नसतं, ते थकत असतं. बळकटी येते ती नंतर. वजनं उचलल्यावर स्नायूंमधली प्रथिनांची बांधणी साधारण २४ ते ४८ तास वाढलेल्या वेगाने चालते. लांब धावण्याने रिकामा झालेला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंमधल्या साखरेचा, साठा नीट जेवूनही भरायला जवळपास एक दिवस लागतो. हान्स सेल्ये या वैद्यकीय संशोधकाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचे तीन टप्पे मांडले: आधी हादरा, मग जुळवून घेणं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी कोलमडणं. त्याच्या डोक्यात व्यायाम नव्हता, प्रशिक्षकांनी ते सूत्र नंतर उचललं. पण रोज सारख्याच जोमाने व्यायाम करणाऱ्याचं काय होतं ते त्यात नेमकं सापडतं.

उपाय साधा आहे. आठवडा आखताना विश्रांतीचा दिवस सगळ्यात आधी लिहा आणि बाकीचे त्याच्याभोवती बसवा. फुली मारायची सवय असेल तर त्या दिवशीही मारा.

अंग आंबलं म्हणजेच व्यायाम झाला, असं मानणं

आपल्या भाषेत अंग ‘आंबतं’, त्यामुळे लॅक्टिक ॲसिड साचल्याने अंग दुखतं ही गोष्ट चटकन पटते. ती खरी नाही. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (त्याच ॲसिडचं रक्तातलं रूप) तासाभरात रक्तातून बरंचसं निघून जातं, आणि आंबलेपणा तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. तो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेतून आणि त्यानंतरच्या दाहातून येतो. स्नायू ताणला जात असताना भार पेलावा लागला की तो जास्त जाणवतो. चढ चढल्यापेक्षा उतार उतरल्यावर मांड्या जास्त दुखतात त्या यामुळेच.

यातून दोन उलट्या चुका होतात. काही जण दुखलं नाही म्हणून व्यायाम वाढवत नेतात. खरं तर तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की शरीर सरावतं आणि दुखणं कमी होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. दुसरे काही जण थोडं आंबलं की तीन दिवस गादीवर. आंबलेल्या अंगाला हलकी हालचाल मानवते.

ओळखायचं कसं? दोन्ही पाय सारखेच, पसरट, बोथट दुखत असतील आणि हालचाल सुरू झाल्यावर बरं वाटत असेल तर तो आंबलेपणा. एकाच बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि व्यायामासोबत वाढत जात असेल तर थांबा. माझी नडगी तीन आठवडे असंच बोटाएवढ्या जागेत दुखत होती. मी वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जायचो. गोळीने दुखणं थांबलं नव्हतं, फक्त त्याची खबर माझ्यापर्यंत येत नव्हती.

स्नायू तयार झाले म्हणजे सगळं तयार, हा समज

दम लवकर वाढतो. ताकदही काही आठवड्यांत वाढलेली दिसते. पण टाचेच्या वरची दोरी, गुडघ्याखालचे जोड आणि हाडं या सगळ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. जोरकस व्यायामानंतर टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, पहिले २४ ते ३६ तास कोलॅजेन या प्रथिनाची मोडतोड बांधणीपेक्षा जास्त असते. म्हणजे त्या वेळात पुन्हा तोच भार टाकला तर जोडणाऱ्या दोरीला आपण अर्धवट उसवलेल्या अवस्थेतच ओढतो. हाडाचं तर आणखी सावकाश चालतं. आधी जुना भाग पोखरून काढला जातो, मग तिथे नवा भरला जातो, आणि हे चक्र पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. व्यायाम एकदम वाढवल्यावर काही आठवड्यांनी हाडाच्या तक्रारी येतात, कारण पोखरणं झालेलं असतं आणि भरणं मागे पडलेलं असतं.

वजनं उचलणाऱ्यांकडून हीच चूक वेगळ्या वेषात होते. ‘मी रोज वेगळा भाग करतो, म्हणजे विश्रांती मिळतेच’ असं ते सांगतात. आज छाती, उद्या खांदे, परवा दंड. कागदावर तीन वेगळे दिवस दिसतात, पण बेंच प्रेसमध्ये (उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलताना) खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा मागचा भाग राबतोच, म्हणजे त्यांना लागोपाठ तीन दिवस काम पडलं. स्क्वॉटच्या (वजन घेऊन बैठकांच्या) दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) करणाऱ्याच्या कंबरेचं तेच. त्यामुळे वेळापत्रक तपासताना दिवसाचं नाव बाजूला ठेवा आणि कोणता सांधा किती दिवस लागोपाठ राबला ते मोजा. एकाच भागाच्या दोन जड दिवसांत ४८ तास असावेत.

सगळेच दिवस ‘मध्यम’ करून टाकणं

माझ्या मते ही चूक सगळ्यात जास्त जण करतात आणि सगळ्यात कमी जणांना दिसते. सोमवारी जोरात. मंगळवार हलका ठरवलेला, पण पाय थकलेले असले तरी शेजारून कुणी पुढे गेलं की वेग वाढतोच. बुधवारी वेगाचा सराव, पण पायात जीव नाही. असं करत हलका दिवस पुरेसा हलका होत नाही, म्हणून जड दिवसही पुरेसा जड होत नाही. आठवडाभर मेहनत होते आणि पदरात काही पडत नाही.

स्टीफन सायलर या संशोधकाने दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांचे साधारण ८० टक्के सराव अगदी सोप्या गतीचे निघाले. सोपी म्हणजे किती? पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो हलका दिवस नव्हे.

आकड्यात बघायचं असेल तर कार्ल फॉस्टर या व्यायामशास्त्रज्ञाची पद्धत वापरा. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला ० ते १० मधला श्रमाचा अंक द्या आणि त्याला मिनिटांनी गुणा. ४० मिनिटं आणि अंक ७, म्हणजे २८०. ३० मिनिटं आणि अंक ३, म्हणजे ९०. आठवड्याचे सात आकडे ओळीने मांडा. सगळे एकमेकांच्या आसपास असतील तर दोष सापडला. मी पहिल्यांदा मांडले तेव्हा सातही आकडे २०० ते २४० च्या मध्ये होते!

विश्रांती म्हणजे फक्त व्यायामाला सुट्टी, एवढंच धरणं

पाच तास झोपायचं आणि आठवड्यातून दोन दिवस विश्रांती घेतो म्हणायचं, याला अर्थ नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा हिस्सा गाढ झोपेतच स्रवतो. कामाचा ताण, जागरण, प्रवास हेही त्याच खात्यातून खर्च होतात, शरीराकडे व्यायामासाठी वेगळं खातं नसतं.

खाण्याचंही तसंच. विश्रांतीच्या दिवशी कॅलरी जळल्या नाहीत म्हणून जेवण अर्धं करणारे अनेक भेटतात. डागडुजी चालू आहे आणि सामान बंद केलं, असा हा प्रकार. मेहनतीच्या मानाने खाणं सतत कमी पडत राहिलं तर हाडं, संप्रेरकं, मनःस्थिती सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये त्या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं ही त्याची ठळक खूण आहे. ‘व्यायाम करणाऱ्यांचं असं होतंच’ म्हणून ती सोडून देऊ नये. पुरुषांनाही हे होतं, फक्त खूण इतकी स्पष्ट नसते.

शरीराच्या तक्रारी न ऐकणं

सकाळी जाग आल्यावर, उठण्याआधी, नाडीचे ठोके मोजा. आठवडाभर मोजले की आपला नेहमीचा आकडा कळतो. तो लागोपाठ तीन-चार दिवस पाच-सात ठोक्यांनी वर राहिला, झोप तुटक झाली, नेहमीचं वजन जड वाटू लागलं, घरच्यांवर विनाकारण आवाज चढू लागला, तर चार-पाच दिवस व्यायाम निम्म्यावर आणा. एकट्या नाडीवर किंवा मनगटावरच्या घड्याळाने दिलेल्या गुणांवर निर्णय घेऊ नका. घड्याळ अंदाज बांधतं, तोही कधीकधी चुकतो.

पूर्ण आठवडाभर थांबूनही ताजंतवानं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जा. लोहाची कमतरता किंवा थायरॉइडची तक्रार अशाच थकव्याच्या रूपात येते. ताप असताना व्यायाम अजिबात नको, कारण काही संसर्गांत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. आणि कमालीच्या मेहनतीनंतर स्नायू सुजले, लघवी गडद तपकिरी झाली तर सकाळपर्यंत वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

थांबलो तर सगळं जाईल, ही भीती

जात नाही. दमात फरक जाणवायला दहा-बारा दिवस तरी लागतात, आणि ताकद तीन आठवड्यांनंतरही बरीचशी टिकून असते. बिघडतं ते परतल्यावर बुडालेलं सगळं एकदम वसूल करायला गेल्याने. आठवडाभर थांबला असाल तर पहिला आठवडा निम्म्या भाराने करा.

माझा सध्याचा आठवडा असा: सोमवारी ताकद, मंगळवारी सावकाश धावणं, बुधवारी वेगाचा सराव, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी पुन्हा ताकद, शनिवारी लांब पण सावकाश, रविवारी फक्त चालणं. दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी. मध्येच काम निघून बुधवार बुडाला तर तो गुरुवारी भरून काढत नाही. बुधवारच सुट्टीचा धरतो आणि गुरुवारी सावकाश धावतो.