वेब ॲपचा टेस्ट सूट सांभाळताय? या चुका टाळा

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरची मोठी कंपनी असो की विजय नगरमधली आठ जणांची टीम, टेस्ट सूट (ॲप आपोआप तपासणाऱ्या टेस्टचा संच) बिघडतो तो साधारण एकाच वाटेने. एखादी टेस्ट फेल होते, कोणीतरी म्हणतं "परत रन कर, होईल पास", ती खरंच पास होते आणि कोड मर्ज होतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला जातो. हे काही महिने चाललं की बिल्ड (कोड जोडून टेस्ट चालवण्याची फेरी) लाल, म्हणजे फेल, दिसला तरी कोणी लॉग उघडत नाही. टेस्ट फेल झाली म्हणजे काहीतरी खरंच फुटलंय, हा भरवसा असेल तरच सूटवर घातलेला वेळ सार्थकी लागतो. पुढच्या बहुतेक चुका हा भरवसा घालवणाऱ्या आहेत. उदाहरणासाठी इंदूरच्या एका नमकीनच्या दुकानाचं ऑर्डर घेणारं ॲप डोळ्यासमोर ठेवू. त्याची पॅकबंद लवंग सेव उज्जैनलाही जाते आणि पुण्यालाही.

रिट्राय लावून मोकळं होणं

समजा, सूटमध्ये 300 टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट विनाकारण 100 मध्ये एकदाच फेल होते. तरीही सगळ्या टेस्ट एका रनमध्ये पास होण्याची शक्यता 5 टक्क्यांच्याही खाली जाते. हेच प्रमाण 1000 मध्ये एकदा इतकं खाली आणलं तर ती 74 टक्क्यांवर येते. म्हणून "कधीतरीच फेल होते" हे टेस्ट तशीच सोडून द्यायचं कारण होऊ शकत नाही.

रिट्रायची, म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची, दुसरी बाजू जास्त घातक आहे. दर दोन वेळांत एकदा फुटणारा खराखुरा बग 3 रिट्राय लावल्यावर जवळपास 94 टक्के वेळा हिरवा दिसतो. सीआयवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) एकच रिट्राय ठेवा आणि त्या पहिल्या रिट्रायला ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पावलाची नोंद) रेकॉर्ड होईल अशी सेटिंग करा. प्लेराइट या ब्राउझर टेस्टच्या टूलच्या रिपोर्टमध्ये रिट्रायनंतर पास झालेल्या टेस्ट 'फ्लेकी' (कधी पास, कधी फेल) म्हणून वेगळ्या दिसतात. ती यादी दर आठवड्याला वाचायचं काम एका माणसाच्या नावावर हवं, नाहीतर ती कोणीच वाचत नाही.

स्लीप टाकून वेळ मारून नेणं

'कार्टमध्ये टाका' दाबलं, 3 सेकंद स्लीप (नुसतं थांबणं), मग वरचा आकडा 1 झाला का ते तपासलं. लॅपटॉपवर चालतं. सीआयच्या मशीनवर चार रन एकदम सुरू असले की 3 सेकंद पुरत नाहीत, मग कोणी 5 करतं, कोणी 8. असे 100 स्लीप म्हणजे 8 सेकंदांच्या हिशेबाने 13 मिनिटं निव्वळ वाट बघण्यात जातात.

वाट वेळेची बघू नका, जे घडायला हवं त्याची बघा: आकडा '1' होईपर्यंत. प्लेराइटचा एक्स्पेक्ट (अपेक्षित गोष्ट तपासणारी कमांड) हे स्वतःच करतो आणि ठरवून दिलं नसेल तर 5 सेकंदांपर्यंत थांबतो. सेलेनियम या दुसऱ्या टूलमध्ये वेबड्रायव्हरवेट, म्हणजे ठरावीक अटीसाठीचा एक्स्प्लिसिट वेट, वापरा, पण त्याच्या जोडीला इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी वाट) ठेवू नका. 10 सेकंदांचा इम्प्लिसिट आणि 15 चा एक्स्प्लिसिट एकत्र आले तर टाइमआउट 20 सेकंदांनीही होऊ शकतो, आणि मग लॉगमधल्या वेळेवरून काहीच कळत नाही.

इथे एका गोष्टीकडे नीट बघा. सर्व्हरवर तयार होऊन येणाऱ्या पानात बटण आधी दिसतं आणि त्याला जोडलेली जावास्क्रिप्ट नंतर लागू होते. टेस्ट त्या मधल्या क्षणात क्लिक करते आणि ते क्लिक वाया जातं. अशा टेस्टला सरसकट फ्लेकी ठरवणं चूक आहे. साध्या फोनवर, अडखळत्या नेटवर ग्राहकाचं क्लिकही असंच वाया जातं. स्क्रिप्ट लागू होईपर्यंत बटण डिसेबल ठेवा. टेस्ट आपोआप स्थिर होते आणि ॲपही सुधारतं.

घड्याळ आणि कराचे दर गृहीत धरणं

इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री साडेबारालाही गर्दी असते, तेव्हा त्या वेळची ऑर्डर ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री 12:30 च्या ऑर्डरवर यूटीसीत चालणारा सर्व्हर आदल्या दिवसाची तारीख लावतो, कारण तिथे संध्याकाळचे 7 वाजलेले असतात. 'आजच्या ऑर्डरी' तपासणारी टेस्ट दिवसा पास होते आणि मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत फेल. टेस्टमध्ये घड्याळ गोठवा (ठरलेल्या वेळेवर थांबवा) आणि 23:59, 00:30, 05:31 या तीन वेळा मुद्दाम तपासा. प्लेराइटमधली टाइमझोनची सेटिंग फक्त ब्राउझरला लागू होते, सर्व्हरला नाही. सर्व्हरचं घड्याळ वेगळं बांधावं लागतं. अर्धवट गोठवलेलं घड्याळ शोधायला सगळ्यात जास्त त्रास देतं.

कराचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. ज्यांच्या टेस्टमध्ये 100 रुपयांच्या मालावर 112 असा आकडा होता, त्यांच्या टेस्ट त्या दिवशी फुटणारच. सगळीकडे 112 चे 105 करून टाकणं हा सोपा पण चुकीचा उपाय, कारण जुनं बिल पुन्हा छापलं तर त्यावर 12 टक्केच दिसले पाहिजेत. त्याहून वाईट उपाय म्हणजे अपेक्षित रक्कम ॲपच्याच फंक्शनने काढणं. मग फंक्शन चुकलं तरी टेस्ट पास होते.

आकडे हाताने मांडा, तारीख बांधून. 21 सप्टेंबर: 112. 22 सप्टेंबर: 105. इंदूरहून उज्जैनला, म्हणजे राज्यातच, पाठवलेल्या मालावर 2.50 सीजीएसटी आणि 2.50 एसजीएसटी, पुण्याला, म्हणजे परराज्यात, गेलेल्यावर 5 रुपये आयजीएसटी. रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवा. रेझरपे ही पेमेंट सेवा रक्कम पैशांतच मागते, 500 रुपयांसाठी 50000. तुमचा मॉक (टेस्टमध्ये खऱ्या सेवेच्या जागी वापरलेली नक्कल) मात्र नुसते 500 सुद्धा निमूटपणे घेत असेल, तर पेमेंटची टेस्ट पास होऊनही काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्या टेस्टना एकच ग्राहक

चार वर्कर (टेस्ट समांतर चालवणाऱ्या प्रक्रिया) एकाच वेळी एकाच लॉगिनने चालवले की एक टेस्ट दुसरीचं कार्ट रिकामं करते. प्रत्येक टेस्टने स्वतःचा ग्राहक स्वतः बनवावा, मोबाइल क्रमांक वेगळा, आणि तो स्क्रीनवरून न बनवता थेट एपीआयने (सर्व्हरला कोडमधून विनंती पाठवून). लॉगिनचंही तेच: स्क्रीनवरून लॉगिनला 6 सेकंद लागत असतील तर 200 टेस्टमध्ये 20 मिनिटं तिथेच गेली. लॉगिनच्या स्वतःच्या दोन-तीन टेस्ट सोडल्या तर बाकीच्यांना सेव्ह केलेलं सेशन द्या.

टेस्टनंतर ट्रान्झॅक्शन रोलबॅक करून, म्हणजे केलेले बदल मागे घेऊन, डेटाबेस स्वच्छ ठेवायची पद्धत युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या) चांगली चालते, ब्राउझर टेस्टमध्ये चालत नाही. तिथे सर्व्हर वेगळ्या कनेक्शनवर असतो, त्याने लिहिलेलं तुमच्या रोलबॅकने पुसलं जात नाही. शिवाय पोस्टग्रेस या डेटाबेसचा सिक्वेन्स (आपोआप वाढणारा क्रमांक) रोलबॅकनंतर मागे येत नाही, म्हणून 'ऑर्डर क्रमांक 1' असं कधी तपासू नका. ऑर्डर बाय (ओळींचा क्रम ठरवणारा भाग) नसलेल्या क्वेरीतून ओळी ठरावीक क्रमाने येतील हेही धरू नका.

आणखी काही, थोडक्यात

सिलेक्टर (पानावरचा घटक शोधायची खूण) क्लासच्या नावावर किंवा 'तिसऱ्या डिव्हमधलं दुसरं बटण' असा नको. रोल आणि लेबल (घटकाचा प्रकार आणि त्याचं नाव) चांगलं. ॲप हिंदी-इंग्रजी दोन्हीत असेल तर डेटा-टेस्टआयडी (घटकाला टेस्टसाठी दिलेली ओळख) बरा.

स्क्रीनशॉट ताडून बघणाऱ्या टेस्टमध्ये डॉकर इमेजचे (टेस्ट ज्यात चालते त्या तयार सिस्टमचे) फॉन्ट तपासा. लहान इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो, 'लवंग सेव'च्या जागी रिकामे चौकोन येतात, आणि बेसलाइन (तुलनेसाठीचा मूळ स्क्रीनशॉट) तिथेच काढली तर ते चौकोनच बरोबर ठरतात. डेबियन किंवा उबुंटूवर फॉन्ट्स-नोटो-कोर हे पॅकेज टाका.

प्लेराइटमध्ये एक्स्पेक्टच्या आधी अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) लिहायचा राहून गेला तर टेस्ट काहीही न तपासता पास होऊ शकते. टाइपस्क्रिप्टसाठी नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा लिंट नियम (कोड न चालवता चुका दाखवणारा) चालू ठेवा. कव्हरेजचा आकडा ही चूक दाखवत नाही, कारण ओळ चालली एवढंच तो मोजतो. कोडमध्ये मुद्दाम 5 चे 6 करून बघा; एकही टेस्ट लाल झाली नाही तर त्या भागाला टेस्ट नाहीच असं समजा.

फ्लेकी टेस्ट पकडायची कशी

आधी ती एकटीच, एका वर्करवर, 50 वेळा चालवा. प्लेराइटमध्ये रिपीट-इच हा पर्याय आहे. एकटी असतानाही फेल होत असेल तर संशय वेळेवर किंवा रँडम डेटावर. एकटी पास आणि समूहात फेल, तर दुसरी कुठली तरी टेस्ट मागे काहीतरी सोडून जातेय. मग आधी चाललेल्या टेस्टचे दोन भाग करा, ज्या अर्ध्यासोबत ती फुटते तो ठेवा, पुन्हा दोन भाग. गुन्हेगार एकच असेल तर 200 टेस्टमधूनही तो 8 फेऱ्यांत सापडतो. फक्त सीआयवरच फेल होत असेल तर टाइमझोन, फॉन्ट, मशीनचे कोर आणि वर्करची संख्या या क्रमाने बघा.

दुरुस्तीनंतर 50 रन हिरवे आले म्हणून लगेच खूश होऊ नका. 100 मध्ये एकदा फुटणारी टेस्ट दुरुस्त न होताही सलग 50 वेळा पास होण्याची शक्यता 60 टक्के आहे. 300 रन हिरवे आले की 95 टक्के खात्री धरता येते. टेस्ट फेल होण्याचं कारण त्याच दिवशी सापडत नसेल तर टेस्ट मुख्य बिल्डमधून बाजूला काढा, तिच्यावर एक नाव आणि दोन आठवड्यांची मुदत लिहा. मुदत संपली तर ती डिलीट करा आणि ती काय तपासत होती त्याची नोंद बॅकलॉगमध्ये (पुढच्या कामांच्या यादीत) टाका.