हिब्रू शब्द एकेकटे पाठ करू नका, तीन अक्षरं पकडा

हिब्रू शिकताय तर शब्दांच्या याद्या घोकत बसू नका, बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनं असतात ती शोधा. आपल्या ओळखीचा 'किताब' घ्या, तो अरबीतून आलाय पण क-त-ब हीच जोडी हिब्रूतही आहे: कातव म्हणजे लिहिलं, मिख्ताव पत्र, क्तोवेत पत्ता, आणि केतुबा म्हणजे ज्यू लग्नातला लेखी करार, जो कोकणातल्या बेने इस्रायली लग्नातही असतो. आता गडबड अशी की ब चा कधी व होतो, क चा घशातला ख होतो आणि प चा फ, लिहिताना मात्र अक्षर तेच, त्यामुळे कानावर भरवसा न ठेवता स्पेलिंग बघा. मी वहीत एका पानावर एकच मूळ लिहायचो, मधे तीन अक्षरं नि भोवती शब्द.

स-प-र चं पान भारी झालं होतं. सेफेर पुस्तक, सिफ्रिया लायब्ररी, सिपूर गोष्ट, मिस्पार आकडा, इथवर ठीक, पण सपार म्हणजे न्हावी आणि मिस्पारायिम कात्री! अक्षरं तीच, अर्थाचा पत्ता नाही, अशांना पानाच्या कोपऱ्यात वेगळी चौकट करून टाका.