एकच चिमणी, दर वेळी नवी: अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा बदलता लोगो कसा बांधावा

प्रत्येक फिल्मच्या सुरुवातीला आपला लोगो थोडा वेगळा दाखवावा असं लहान अ‍ॅनिमेशन स्टुडिओला वाटतंच, आणि तसं जरूर करावं. पण चौथ्या-पाचव्या फिल्मपर्यंत अनेकदा तो लोगो ओळखूच येईनासा होतो. काय बदलायचं यावर भरपूर चर्चा झालेली असते, काय कायम ठेवायचं हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी कायम गोष्टींचा कागद करा. त्यावर चार नोंदी पुरतात: बाह्याकृती, नावाचं अक्षरलेखन, शेवटची स्थिर चौकट आणि स्वाक्षरीचा सूर, म्हणजे लोगोसोबत दर वेळी वाजणारी ठरलेली धून. प्रभात फिल्म कंपनी म्हटलं की तुतारी फुंकणारी स्त्री डोळ्यांपुढे येते, ती आकृतीच्या बाह्यरेषेमुळे आणि तिच्या ठरलेल्या पवित्र्यामुळे.

पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे. टेबलावरचा दिवा उड्या मारत येतो, स्टुडिओच्या रोमन नावातल्या ‘आय’ अक्षरावर उड्या मारून ते चेपतो आणि आपल्याकडे वळून बघतो. २००८च्या ‘वॉल-ई’ या फिल्मच्या शेवटी या दिव्याचा बल्ब जातो. फिल्मचा नायक, वॉल-ई नावाचा यंत्रमानव, येऊन तो बदलतो, परतताना ‘आर’ पाडतो आणि स्वतःच त्या जागी उभा राहतो. बाकीची अक्षरं, दिवा, पांढरी पार्श्वभूमी सगळं जागच्या जागी आहे, म्हणून बदल चटकन दिसतो. शिवाय ही गंमत फिल्म संपल्यावर येते. फिल्ममधलं पात्र लोगोत आणायचं असेल तर त्याची जागा शेवटी. सुरुवातीला प्रेक्षकाची त्याच्याशी ओळखच झालेली नसते. ऋतू, सण किंवा माध्यमाचा बदल (खडू, वाळू, कागदाचे कपटे) सुरुवातीलाही चालतो.

आता प्रत्यक्ष बांधणी. समजा, चिन्हात एक चिमणी आहे आणि खाली देवनागरीत नाव. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने पाच सेकंद म्हणजे १२० फ्रेम. त्यांची वाटणी अशी ठेवा: १ ते ८ रिकामी पार्श्वभूमी, ९ ते ५६ हालचाल, ५७ ते ७२ चिमणी बसते आणि नाव उमटतं, ७३ ते १०८ पूर्ण स्थिर, १०९ ते १२० काळोख. बदल फक्त ९ ते ५६ या ४८ फ्रेममध्येच करायचा. दोन-दोन फ्रेमला एक चित्र धरलं तर ती २४ चित्रं होतात, एका चित्रकाराला झेपणारं काम. ५७ पासून पुढे प्रत्येक आवृत्तीत तीच फाइल लावायची, नव्याने काढायची नाही.

इथे चूक होते ती सांध्यावर. ५६व्या फ्रेमची चिमणी आणि ५७व्या फ्रेमची चिमणी यांत चोचीचा कोन किंवा रेघेची जाडी जराशी वेगळी असली तरी मोठ्या पडद्यावर झटका बसतो. म्हणून ५७वी फ्रेम लाइट टेबलवर (खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर) खाली ठेवून उलट्या दिशेने काम करा: आधी शेवटची पोज, मग तिच्याकडे नेणारी चित्रं. पावसाळी आवृत्तीत चिमणी पंख झटकणार असेल तर १२ फ्रेम येण्याला, २४ झटकण्याला, १२ अंग सावरून बसण्याला. झटकण्याच्या मोहात सावरण्याच्या फ्रेम खाल्ल्या जातात आणि चिमणी बसण्याऐवजी खिळल्यासारखी दिसते.

देवनागरी अक्षरांना वेगळी काळजी लागते, आणि परदेशी ट्युटोरियलांमध्ये ती सापडत नाही. नाव हातानं लिहिलेलं असेल तर उत्तमच. फाँटमधलं असेल तर ज्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं नीट जुळतात तिथे ते टाइप करून आकारांत बदला आणि मगच अ‍ॅनिमेशनमध्ये न्या. जिवंत मजकूर नेलात तर एखाद्या मशीनवर रफार भलत्याच अक्षरावर बसेल. अक्षरं एकेक करून उमटवायची असतील तर क्रम तुम्हीच ठरवा. ‘चि’ टाइप करताना च आधी येतो, पण डोळ्याला वेलांटी डावीकडे दिसते. ती मागाहून उगवली की वाचणारा अडखळतो, म्हणून ‘चि’ अखंड एकदमच आणा.

शिरोरेखा अक्षरांसोबत तुकड्यांत कापू नका. दोन तुकडे कडेला कड लावून ठेवले की कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक असल्यामुळे सांध्यावर केसाएवढी फट दिसते. तुकडे एकमेकांवर चढवले तर फट जाते, पण काळोखात विरताना चढवलेला भाग गडद पट्टी म्हणून उठून दिसतो. शिरोरेखा ही एक स्वतंत्र सलग पट्टी ठेवा, ती डावीकडून उजवीकडे ओढली जाऊ द्या आणि अक्षरं तिला खालून येऊन लटकू द्या. दिसतंही फार सुंदर. विरवताना सगळं नाव एका गटात बांधून त्या गटाची पारदर्शकता कमी करा, सुट्या थरांची नाही.

मापांचं गणित सुरुवातीलाच उरकावं. थिएटरच्या २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद) प्रतीत फ्लॅट म्हणजे नेहमीची रुंद चौकट १९९८ × १०८० पिक्सेल, स्कोप म्हणजे त्याहून लांबट चौकट २०४८ × ८५८. टीव्ही आणि यूट्यूबला १९२० × १०८०. मोबाइलच्या उभ्या चौकटीला १०८० × १९२०. पार्श्वभूमी २०४८ × १९२० रंगवली की या चारही चौकटी तिच्यातून कापता येतात. चिन्ह आणि नाव प्रत्येक चौकटीच्या मधल्या ९० टक्क्यांत राहू दे. उभ्या चौकटीत लांब नाव बारीक होतं. तिथे ते दोन ओळींत मांडलेली वेगळी रचना हवी, नुसतं लहान करून भागत नाही.

टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम मागितल्या जातात. सॉफ्टवेअरला फ्रेम मिसळू दिल्यात तर पंखांच्या दोन-दोन छाया दिसतात. त्याऐवजी त्याच १२० फ्रेम २५च्या वेगाने चालवा आणि स्थिर भागात पाच फ्रेम वाढवा. १२५ फ्रेम, पुन्हा बरोबर पाच सेकंद. आवाज मात्र तसाच ताणू-आवळू नका, वेग वाढवला की सूर साधारण ०.७ अर्धस्वराने चढतो. पंखांचे आवाज आणि स्वाक्षरीचा सूर वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवले असतील तर सूर ५७व्या फ्रेमवर नव्याने बसवता येतो: २४च्या वेगात तो सुरुवातीपासून २.३३ सेकंदांवर येतो, २५च्या वेगात २.२४वर. युरोपीय प्रसारणाच्या मानकाप्रमाणे आवाजाची पातळी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) लागते. इतर ठिकाणी वाहिनी किंवा महोत्सव देईल तो आकडा पाळा.

फाइल देताना पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी मालिका (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) किंवा प्रोरेस ४४४४ या प्रकारातली व्हिडिओ फाइल द्या. चिमणीभोवती काळपट कड आली तर बहुतेक वेळा रंग काळ्यावर आधीच गुणलेले असतात आणि संकलकाने ते ‘स्ट्रेट’ अल्फा, म्हणजे पारदर्शकतेने न गुणलेले रंग, म्हणून वाचलेले असतात (अल्फा म्हणजे फाइलमधली पारदर्शकतेची माहिती). फाइलच्या नावातच अल्फाचा प्रकार लिहा. संधिप्रकाशाच्या आकाशात पट्टे दिसू लागले तर रंगछटांसाठी ८ बिट कमी पडताहेत: १६ बिटमध्ये काम करा, शेवटी किंचित दाणा (बारीक ठिपक्यांचा पोत) मिसळा. दिवाळीच्या आवृत्तीत फटाक्यांची उघडझाप एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा नको. प्रकाशसंवेदनशील अपस्मार असलेल्यांना त्याचा खरा धोका असतो.

प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्या आणि नोंदवहीत वर्ष, फिल्म, वेग, माप, सुराची आवृत्ती आणि चित्रकाराचं नाव लिहा. फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा, जुन्या झिप प्रोग्रॅममध्ये देवनागरी नावं मोडतात. काही वर्षांनी चिन्ह नव्याने आखलं, तर जुन्या फिल्मच्या नव्या प्रतीवर नवा लोगो चिकटवू नका. पावसाच्या फिल्मपुढची भिजलेली चिमणी त्या फिल्मचाच भाग आहे. नवा लोगो दाखवणं गरजेचंच असेल तर तो आधी लावा आणि त्यामागून मूळ १२० फ्रेम जशाच्या तशा येऊ द्या.