ग्राहकाच्या कागदांवरून डिझाइन डॉक्युमेंट आपोआप कसं तयार करावं

ग्राहकाची वर्ड फाइल पॅनडॉकने (फाइलचं स्वरूप बदलणारं साधन) मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात आणा. तक्ते तेवढे डोळ्यांखालून घाला. एकत्र केलेले रकाने हमखास विस्कटतात.

आता खरं काम: त्या मजकुरातून एकेक गरज (सॉफ्टवेअरने काय करावं, ही मागणी) सुटी करणं. "अख्खी फाइल एआयला द्या, डिझाइन तयार मिळेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. एआय मॉडेल मोकळ्या जागा गुपचूप भरतं, आणि ग्राहकाने सांगितलेलं कोणतं नि मॉडेलने घातलेलं कोणतं, हे पुढे कोणालाच ओळखता येत नाही.

ग्रंथालयाचं एक वाक्य घ्या: "पुस्तक वेळेत न आल्यास दंड आकारला जाईल व सभासदास कळवले जाईल." वाक्य एक, गरजा दोन. वेळेत म्हणजे किती दिवसांत? दंड सिस्टिम लावणार की काउंटरवरचा कर्मचारी? आपल्याकडच्या कागदांत "केले जाईल", "घेण्यात येईल" यांची रेलचेल असते आणि कर्ता गायब. मला सगळ्यात जास्त छळलंय ते याच वाक्यांनी, कारण जबाबदारी कुठल्या मॉड्यूलकडे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कुठल्या भागाकडे जाणार हे कर्त्यावरच ठरतं. रेजेक्स (मजकुरातले ठरावीक साचे शोधणारं सूत्र) लावून अशी वाक्यं वेगळी काढा आणि प्रश्न म्हणून ग्राहकाकडे पाठवा. उत्तर येईपर्यंत ती गरज पुढे सरकवायची नाही, मॅनेजर कितीही घाई करो.

उत्तर आलं की गरज साच्यात बसवा. रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये मांडलेली 'ईअर्स' ही गरजा लिहिण्याची पद्धत मला सर्वांत पटते: आधी प्रसंग, मग कर्ता, मग क्रिया. क्रिया एकच ठेवा. "परतीची मुदत उलटल्यावर सिस्टिमने दंडाची नोंद करावी." प्रत्येक गरजेला कायमचा क्रमांक द्या. वर्डचे आपोआप पडणारे क्रमांक अजिबात नकोत. मधे एक परिच्छेद घुसला की सगळे सरकतात. रद्द झालेला क्रमांकही पुन्हा वापरू नका.

पुढचं सोपं आहे. गरजा यॅमल फाइलमध्ये (माहिती नीट मांडून ठेवणारी साधी मजकूर फाइल), डॉक्युमेंटची प्रकरणं जिंजाच्या टेम्प्लेटमधून (माहिती भरून मजकूर तयार करणारा साचा), आकृत्या प्लांटयूएमएलने (मजकुरावरून आकृती काढणारं साधन). मॉडेल वापरायचंच तर इथे वापरा: एका वेळी एकाच मॉड्यूलच्या गरजा द्या आणि प्रत्येक परिच्छेदाला गरजेचा क्रमांक लावायला सांगा. क्रमांक नसलेला परिच्छेद किंवा परिच्छेद नसलेली गरज सापडली, तर स्क्रिप्टने बिल्ड, म्हणजे डॉक्युमेंट तयार होणं, अडवलंच पाहिजे. क्रमांक बरोबर म्हणजे मजकूर बरोबर असं मात्र नाही. मूळ वाक्य शेजारी ठेवून तो माणसानेच वाचायचा.

ग्राहकाची नवी आवृत्ती आली की गिटमध्ये (फाइलच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फरक बघा आणि बदललेल्या गरजांचीच प्रकरणं पुन्हा काढा.