शिकागो १८९३ भिंतीवर: विहंगम नकाशाची प्रत नीट कशी छापून घ्यावी

कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोच्या जॅक्सन पार्कात १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ जागतिक प्रदर्शन भरलं. पाखराच्या नजरेतून काढलेले त्याचे विहंगम नकाशे आजही बघत बसावेसे वाटतात. रँड मॅकनॅलीचा नकाशा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तिथली सर्वांत मोठी टिफ फाइल (चित्राचा तपशील न गमावणारा प्रकार) घ्या. कुठल्या तरी पानावरून उचललेलं चित्र नको.

चित्राची रुंदी जितके पिक्सेल, त्याला ३०० ने भागा. तितके इंच रुंद छापता येईल. २०० ने भागलं तरी चालतं, त्याखाली उतरू नका.

आता रंग. बहुतेकांची प्रत इथेच फसते. माझी पहिली प्रत आली तेव्हा मिशिगन सरोवर पावसाळ्यातल्या ओढ्यासारखं गढूळ दिसत होतं. स्कॅनमध्ये जुन्या कागदाचा पिवळेपणा होताच, त्यात मी ‘जुनं दिसावं’ म्हणून क्रीम कागद निवडला. पिवळ्यावर पिवळं चढलं. शिवाय पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे छापील चित्र नेहमी काळपट येतं. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने ‘ऑटो लेव्हल्स’चं, म्हणजे रंग आपोआप सुधारण्याचं, बटण दाबलं. पिवळेपणा गेला, पण त्याबरोबर आभाळाची फिकट निळाई आणि छपरांवरची गुलाबी झाकही गेली. ते बटण कुणालाही दाबू देऊ नका.

करायचं ते असं. समासातली कोरी, डाग नसलेली जागा निवडा. तिला पांढरीशुभ्र न करता फिकट सायीच्या रंगावर आणा; आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळ्याच्या आकड्यांत, साधारण २४५, २४०, २२८. काळ्याला हात लावू नका. मधल्या छटा फोटो-सॉफ्टवेअरमधल्या ‘कर्व्ह्ज’ने किंचित उजळा, बस्स. कागद पांढरा, मॅट आणि सुती घ्या. मग पूर्ण नकाशा छापण्याआधी तीन पट्ट्या काढा: एक पाण्याची, एक दाट इमारतींची, एक बारीक अक्षरांची. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी ज्या भिंतीवर लावणार तिथेच धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग घरी हमखास फसवतो. पट्ट्यांचे पैसे वाचवायला जाऊ नका.

एआयने चित्र मोठं करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. अजिबात ऐकू नका. असे जुने नकाशे शिळाछापाचे, म्हणजे दगडावरून छापलेले; शिळाछापातले रंग बारीक ठिपक्यांचे असतात. ते यंत्र ठिपके पुसून टाकतं, खिडक्या वितळवतं आणि इमारतींची नावं स्वतःच्या मनाने लिहितं. ठिपके म्हणजे काय ते बघायचं असेल तर घरातलं रविवर्म्याच्या छापखान्याचं एखादं जुनं चित्र भिंगाखाली धरा. रविवर्म्याची चित्रं याच शिकागोच्या प्रदर्शनात मांडली होती, आणि पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला.

घड्यांच्या रेषा राहू द्या. अक्षरातून गेलेल्या तेवढ्याच पुसा.

स्वामी विवेकानंदांच्या भाषणाच्या जागी खूण छापून हवी, असा हट्ट अनेक जण धरतात. ती करू नका. सर्वधर्म परिषद जॅक्सन पार्कात भरलीच नव्हती, ती भरली शहराच्या मध्यात, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. तसंच, नकाशात फेरिसचं मोठं चक्र, म्हणजे प्रदर्शनातला आकाशपाळणा, नसेल तर ते नव्याने रेखाटून घालू नका. ते २१ जून १८९३ ला सुरू झालं आणि बरीच विहंगम चित्रं त्याआधीच छापली गेली होती.

छपाई पिगमेंट शाईतच (रंगद्रव्याची, लवकर न उडणारी शाई) करा, फ्लेक्सवर नको. चौकटीत कागद आणि काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या पट्टीची, जाडी हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. बाथरूमच्या मागची भिंत आणि दुपारचं ऊन येणारी भिंत, दोन्ही टाळा.