अमेरिकी पासपोर्ट, मुक्काम पुणे: भरवशाचा करसल्ला कसा मिळवावा

अमेरिकेचे नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना इथे राहू देणारे कार्ड) घेऊन पुण्या-नाशिकला कायमचे परतलेले बरेच जण सगळी कागदपत्रे वडिलांच्या काळापासूनच्या सीएंकडे नेऊन देतात आणि निर्धास्त होतात. सीए भारतातले रिटर्न चोख भरतात. अमेरिकेचे रिटर्न तसेच राहते, कारण त्याबद्दल कोणी विचारलेलेच नसते. अमेरिका आपला नागरिक कुठेही राहो, त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागते. रीतसर परत न केलेले ग्रीन कार्ड असेल तर त्यालाही हाच नियम. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट मिळून तिकडे देणे शून्यावर आले, तरी फॉर्म न भरल्याचा दंड वेगळा असतो. परदेशी मालमत्ता कळवण्याच्या एकट्या ८९३८ या फॉर्मसाठी तो १०,००० डॉलरपासून सुरू होतो.

आधी घरचा हिशेब

सल्लागार शोधण्याआधी एक यादी करा. प्रत्येक बँक खाते, एफडी, डीमॅट, पीपीएफ, म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी लिहा आणि प्रत्येकापुढे वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक मांडा. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरायचे. एप्रिल ते मार्चची स्टेटमेंट तशीच पाठवली की गोंधळ सुरू होतो, म्हणून बँकेकडून सुरुवातीलाच कॅलेंडर वर्षाचे स्टेटमेंट मागून घ्या. आईच्या खात्यावर तुम्हाला सहीचा अधिकार असेल, तर पैसे तिचे असूनही ते खाते यादीत येते. या सगळ्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला कळवणारा अहवाल, भरावा लागतो. मध्यमवर्गीय घरात दोन एफडींतच ही मर्यादा ओलांडली जाते. वडिलोपार्जित वाटणी किंवा भारतातल्या नातेवाइकांकडून वर्षात १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली असेल तर तेही लिहा. त्यावर कर नसतो, पण ३५२० हा फॉर्म लागतो.

माणूस कोणता हवा

अमेरिकी रिटर्नसाठी एनरोल्ड एजंट, म्हणजे ईए, किंवा अमेरिकी सीपीए, म्हणजे तिकडचा परवानाधारक लेखापाल, शोधा. ईए तीन भागांची परीक्षा देऊन आयआरएस, म्हणजे अमेरिकेच्या करखात्यासमोर, तुमची बाजू मांडण्याचा अधिकार मिळवतो. ही परीक्षा भारतात बसूनही देता येते, त्यामुळे ईए आपल्या शहरातही सापडू शकतो. नुसत्या सीएच्या पदवीने तो अधिकार मिळत नाही. तरीही सीए सोडू नका. भारतातली करापुरती रेसिडेन्सी, टीडीएस, दोन देशांतल्या कर-कराराचा भारतीय बाजूने लागणारा अर्थ हे त्यांचेच काम. दोघांची एकदा फोनवर गाठ घालून द्या, कारण क्रेडिटचा हिशेब बिघडतो तो बहुधा दोघांच्या मधल्या फटीत.

मागची वर्षे भरलेलीच नसतील आणि तो खरोखर अज्ञानाचा मामला असेल, तर परदेशी राहणाऱ्यांसाठी ‘स्ट्रीमलाइन्ड’ सोय आहे: तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार आणि चूक का झाली याचे सही केलेले निवेदन. माहीत असून लपवले असेल, तर आधी टॅक्स वकील गाठा. वकिलाजवळ बोललेले जितके गोपनीय राहते, तितके ईए किंवा सीपीएजवळचे राहत नाही. फौजदारी प्रकरणात तर त्यांचे संरक्षण उपयोगी पडतच नाही.

पडताळणी आणि परीक्षा

पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्या प्रत्येकाकडे पीटीआयएन हा आयआरएसचा नोंदणी क्रमांक लागतो: पी आणि पुढे आठ आकडे. पण हा क्रमांक म्हणजे ज्ञानाचा दाखला नव्हे, अर्ज करून तो कोणीही मिळवू शकतो. म्हणून आयआरएसच्या संकेतस्थळावरील यादीत नाव आणि पात्रता तपासा. सीपीए असेल तर त्याच्या राज्याच्या बोर्डाकडे परवाना चालू आहे का ते पाहा.

मग फोनवर तीन प्रश्न विचारा. पहिला: माझ्या भारतीय म्युच्युअल फंडांचे काय? उत्तरात ‘पीएफआयसी’ (परदेशी गुंतवणूक कंपन्यांचा अमेरिकी करातला वर्ग) आणि त्याचा फॉर्म ‘८६२१’ आपणहून आले पाहिजे. अमेरिकेच्या नजरेत आपला साधा इक्विटी फंडही पीएफआयसी ठरतो. वेळीच योग्य पर्याय निवडला नाही, तर विक्रीच्या वेळी नफा मागच्या वर्षांत वाटून त्यावर सर्वोच्च दर आणि वर व्याज लागते. भारतात कर वाचवायला घेतलेला ईएलएसएस फंड तिकडे असा अंगावर येतो. शिवाय प्रत्येक फंडाचा फॉर्म वेगळा असतो आणि फी बहुधा फॉर्मवर असते, म्हणून किती फंड आहेत ते सांगूनच फी विचारा. दुसरा: पीपीएफचे व्याज? भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत दाखवावे लागते. तिसरा: अमेरिकेची सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडचे सरकारी निवृत्तिवेतन, भारतात करपात्र आहे का? दोन देशांतल्या कर-करारानुसार ती फक्त अमेरिकेत करपात्र. हाच प्रश्न सीएंनाही विचारा. कोणी “बघून सांगतो” म्हणाले तर बिघडत नाही, पण “त्याचं काही नसतं हो” म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी चौथा प्रश्न घालावा: सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचे, म्हणजे स्वतंत्र कमाईवरच्या सामाजिक सुरक्षेच्या कराचे, काय? भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे परदेशी कमाईची सूट घेतली तरी हा १५.३ टक्क्यांचा कर सुटत नाही.

ठरवताना आणि सही करताना

कामाचे पत्र लेखी घ्या आणि त्यात फॉर्मची नावे असू द्या: १०४० (मूळ रिटर्न), १११६ (परदेशी कराचे क्रेडिट), ८९३८, ८६२१, एफबार. ‘एफबार आमच्याकडे नव्हता’ हा वाद नेमका याच ओळीमुळे टळतो, कारण एफबार आयआरएसकडे नाही, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या वेगळ्या विभागाकडे स्वतंत्र भरला जातो. रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणारा नको. बऱ्याच अमेरिकी फर्म आकडे भरण्याचे काम भारतातूनच करून घेतात. त्यासाठी तुमची माहिती अमेरिकेबाहेर पाठवायला तुमची लेखी संमती लागते, तो कागद न वाचता परत पाठवू नका.

परदेशी राहणाऱ्याला रिटर्न भरायला १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते आणि अर्ज केल्यास १५ ऑक्टोबरपर्यंत. कर निघत असेल तर व्याज मात्र १५ एप्रिलपासूनच. म्हणून सल्लागार जानेवारी-फेब्रुवारीत गाठा. मे महिन्यात चांगला माणूस नवे काम घेत नाही.

रिटर्नचा मसुदा आला की आधी १०४० ला जोडलेल्या शेड्युल बी या पुरवणीचा तिसरा भाग उघडा. तिथे ७ए हा प्रश्न परदेशी खात्याबद्दल आहे. उत्तर ‘होय’ हवे आणि खाली देशाच्या जागी भारत. इथे ‘नाही’वर खूण असेल तर शपथेवर खोटे सांगितल्याची सही तुमची असेल, तयार करणाऱ्याची नव्हे. मग १०४० च्या दुसऱ्या पानाच्या तळाशी जा. रिटर्न तयार करणाऱ्याची सही आणि पीटीआयएन तिथे नसेल, चौकट कोरी असेल, तर ते रिटर्न पाठवू देऊ नका. एफबार भरल्यावर मिळालेली पोच आणि ज्यावरून आकडे घेतले ती स्टेटमेंट पाच वर्षे जपून ठेवा. बँकेचे ॲप जुनी स्टेटमेंट कधी काढून टाकेल याचा नेम नाही.